कुत्र्यासह सुट्टीचे अंदाजपत्रक आणि प्रवासी क्रेटचे परीक्षण

कुत्र्याला सोबत घेऊन सुट्टीवर जायचे ठरले की बहुतेक घरांत खर्चाचा हिशोब मुक्कामाच्या जागेपासून सुरू होतो. कुत्रा चालेल अशी खोली कुठे मिळेल, तिचे भाडे किती, कुत्र्याचे वेगळे पैसे किती, हे आधी पाहिले जाते. प्रवासात कुत्र्याला कशात ठेवायचे, म्हणजे त्याच्या क्रेटचा (बंद पेटीचा) प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ढकलला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. विमानाचे भाडे, गाडीतली जागा, मुक्कामाच्या ठिकाणची अट आणि आपण बाहेर गेल्यावर कुत्र्याला सांभाळणाऱ्या माणसाचे पैसे, या चारही रकमा क्रेटचा आकार आणि कुत्र्याला असलेली क्रेटची सवय यांनुसार कमीजास्त होतात, म्हणून अंदाजपत्रकाची पहिली ओळ क्रेटची असावी. आमच्या मोतीसाठी घेतलेल्या प्रवासी क्रेटचे परीक्षण करताना त्याने सुट्टीच्या खर्चात काय वाढवले आणि काय वाचवले, याचाही विचार त्यामुळेच करणार आहे. ब्रँडचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीचे क्रेट अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्यांतल्या बऱ्याच क्रेटमध्ये आढळतील.

मोती मध्यम चणीचा, सडपातळ आणि २० किलो वजनाचा आहे. त्याचा क्रेट कडक प्लास्टिकच्या दोन भागांचा आहे. खालचा भाग खोलगट असून वरचा भाग त्याच्यावर पालथा बसतो आणि दोहोंच्या कडा एकमेकींवर आणून बोल्टने आवळायच्या असतात. पुढे लोखंडी तारांचे दार आहे आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना हवेसाठी जाळ्या आहेत. बाहेरून मोजले तर लांबी ९१, रुंदी ६१ आणि उंची ६६ सेंटिमीटर भरते, आणि रिकाम्या क्रेटचे वजन साधारण ९ किलो आहे. किमतीबद्दल एवढेच सांगता येईल की कुत्र्याला आठवडाभर बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवायला जे पैसे पडतात, त्याच्या आसपास हा क्रेट पडला. बोर्डिंगचे पैसे दर सुट्टीला मोजावे लागतात, क्रेट मात्र नीट वापरला तर कुत्र्याच्या आयुष्यभर पुरतो. अंदाजपत्रक करताना हा फरक लक्षात ठेवावा.

विकणारे लोक क्रेटचा आकार कुत्र्याच्या वजनावरून सांगतात. खोक्यावरही ‘२५ किलोपर्यंत’ अशी खूण छापलेली असते. या खुणेवर विसंबून क्रेट घेऊ नये. एकाच वजनाचे दोन कुत्रे, एक उंच आणि लांब पायांचा, दुसरा बुटका आणि रुंद छातीचा, एकाच क्रेटमध्ये सारखे मावत नाहीत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमांत वजनाऐवजी शरीराची चार मापे घेतलेली आहेत. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, आणि कुत्रा सहज उभा असताना जमिनीपासून डोक्याच्या किंवा कानांच्या टोकापर्यंतची उंची, यांपैकी जे टोक वर असेल ते. क्रेटची आतली लांबी ही पहिल्या मापात दुसऱ्या मापाचा निम्मा भाग मिळवून येते, रुंदी खांद्यांच्या दुप्पट धरायची आणि उंचीत अंथरुणाची जाडी मिळवायची. कुत्र्याला आत उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून आडवे होता यावे, एवढाच या गणिताचा हेतू आहे.

ही मापे घ्यायला दोन माणसे लागतात. मोतीला भिंतीच्या कडेने उभे केले, एकाने त्याच्या नाकासमोर खाऊ धरला म्हणजे मान वरही जाणार नाही आणि खालीही झुकणार नाही, आणि दुसऱ्याने भिंतीवर पेन्सिलीने नाकापाशी, शेपटीच्या बुडाशी आणि कानांच्या टोकाशी खुणा केल्या. लांबी ६८ सेंटिमीटर आणि कोपरापर्यंतची उंची २८ आली, म्हणजे आतली लांबी किमान ८२ हवी. कानांपर्यंत ५९ आणि अंथरुणाचे २ मिळून उंची ६१ झाली. इथे या क्रेटचा पहिला दोष लक्षात येतो. कंपनी बाहेरचे माप मोठ्या अक्षरांत छापते आणि आतले माप कुठेच देत नाही. भिंती खाली तळाकडे निमुळत्या होत जात असल्याने बाहेर ९१ असलेली लांबी तळाशी ८४ एवढीच भरते आणि बाहेरची ६६ उंची आत ६२ उरते. मोतीला ते पुरले, पण ज्यांच्या कुत्र्याचे माप काठावर आहे त्यांनी दुकानात टेप घेऊन जावे आणि तळाची लांबी आतून मोजून घ्यावी, किंवा ऑनलाइन मागवत असल्यास विक्रेत्याकडून आतले माप लेखी घ्यावे.

काठावरचे माप दिसले की ‘एक नंबर मोठा घ्या, कुत्र्याला ऐसपैस होईल’ असा सल्ला हमखास मिळतो. घरापुरता तो चांगला आहे, पण विमानप्रवासाच्या अंदाजपत्रकात तो फार महाग पडू शकतो. कुत्रा हवाई मालवाहतुकीने जाणार असेल तर भाडे खऱ्या वजनावर किंवा आकारमानाच्या वजनावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. आकारमानाचे वजन काढण्याची प्रचलित रीत अशी की सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला ६००० ने भागायचे. आमच्या क्रेटसाठी ९१, ६१ आणि ६६ यांचा गुणाकार ३,६६,३६६ येतो आणि भागाकार ६१. म्हणजे मोती आणि क्रेट मिळून खरे वजन २९ किलो असले तरी भाडे ६१ किलोचे लागणार. याच्या वरचा नेहमीचा आकार १०२, ६९ आणि ७६ सेंटिमीटरचा असतो. त्याचा भागाकार ८९ येतो, म्हणजे कुत्रा तोच, विमान तेच आणि भाडे जवळजवळ दीडपट. उलट नियमापेक्षा लहान क्रेट नेला तर विमानतळावर कुत्रा नाकारला जाऊ शकतो आणि मग तिकिटे, मुक्काम, सारेच बुडते. म्हणून नियमात बसणारा सगळ्यात लहान क्रेट हाच इथे कुत्र्याच्या आणि खिशाच्या दोघांच्या हिताचा आहे.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत हे गणित आणखी जड होते. पग, बुलडॉग यांसारख्या जातींना श्वासाचा त्रास पटकन होतो, म्हणून त्यांच्यासाठी क्रेट प्रत्येक दिशेने १० टक्के मोठा धरावा लागतो. तिन्ही दिशांना १० टक्के वाढले की आकारमान सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते आणि आकारमानावरचे भाडेही तेवढेच वाढते. त्यातून अनेक विमानकंपन्या या जातींना मालकक्षातून, म्हणजे विमानातल्या सामानाच्या कप्प्यातून, नेतच नाहीत. असा कुत्रा असलेल्या कुटुंबाने विमानाचा विचार सोडून गाडीने जाता येईल असे ठिकाण निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण पैशांपेक्षा इथे जिवाचा प्रश्न मोठा आहे.

कुत्रा प्रवाशाच्याच विमानात सामान म्हणून जाणार असेल तर हिशोब वेगळा होतो. काही कंपन्या कुत्रा आणि क्रेट यांच्या एकत्रित वजनाच्या पायऱ्या ठरवतात, २३ आणि ३२ किलो या त्यांतल्या नेहमीच्या. आमचे २९ किलो दुसऱ्या पायरीत बसते, पण क्रेट ३ किलोंनी जड असता तर ते ३२ च्या काठावर गेले असते. या बाबतीत आमचा क्रेट उजवा ठरला. त्याचे प्लास्टिक पातळ असले तरी उभ्या कण्यांनी मजबूत केलेले आहे, त्यामुळे वजन आटोक्यात राहिले आहे. अगदी लहान कुत्रा मऊ पिशवीतून प्रवासी कक्षात नेता येतो, पण तिथे पिशवीसह ८ किलोंच्या आसपासची मर्यादा अनेक कंपन्यांत असते, आणि एका विमानात किती कुत्रे चालतील यालाही मर्यादा असते. म्हणून तिकीट काढण्याआधी कुत्र्याची जागा पक्की करावी. तिकीट आधी आणि कुत्रा नंतर असे केल्यास तारीख बदलण्याचे पैसे अंदाजपत्रकात नसताना भरावे लागतात.

आता क्रेटच्या घडणीकडे वळतो, कारण लपलेला खर्च खरा इथे आहे. खोक्यात दोन भाग जोडण्यासाठी प्लास्टिकच्या पिळाच्या खुंट्या आल्या. त्या हाताने फिरवून बसतात, सुटसुटीत आहेत आणि गाडीच्या प्रवासाला चालतात, पण बहुतेक विमानकंपन्या धातूचे नट-बोल्टच मागतात. कंपनी धातूचा संच वेगळा विकते. हवाई प्रवासासाठी म्हणून जाहिरात केलेल्या वस्तूबरोबर हवाई प्रवासाला लागणारे बोल्ट नसावेत, ही गोष्ट मला अजिबात पटली नाही. रक्कम लहान असली तरी ती उघडपणे किमतीत धरलेली असावी. पाण्याच्या वाटीचेही तसेच आहे. दाराला अडकवायची जी वाटी मिळते ती उथळ आहे आणि हिंदकळली की अर्धे पाणी अंथरुणावर जाते. दार न उघडता बाहेरून पाणी ओतता आले पाहिजे ही अट मात्र ती पूर्ण करते. आम्ही खोलगट वाटी वेगळी घेतली. ‘जिवंत प्राणी’ असे लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि वरची बाजू दाखवणारे बाण यांचा संच सोबत होता, ही चांगली गोष्ट.

दाराची रचना मला मनापासून आवडली. मधला खटका दाबला की वरची आणि खालची अशा दोन्ही सळ्या आत ओढल्या जातात, दार एका हाताने उघडते, आणि खटका सोडला की सळ्या चौकटीच्या भोकांत जाऊन बसतात. दुसऱ्या हातात पट्टा धरलेला असताना ही सोय किती मोलाची आहे, हे गजबजलेल्या ठिकाणी दार उघडावे लागले की कळते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. बोल्ट सैल असतील तर वरचा भाग किंचित सरकतो आणि खालची सळी भोकात पूर्ण उतरत नाही. दार लागल्यासारखे दिसते, पण आतून धक्का बसला तर उघडू शकते. म्हणून दर वेळी दार लावल्यावर दोन्ही टोकांना बोटाने चाचपून पाहावे. तळाच्या कडेने एक उथळ पन्हळ आहे. कुत्र्याने आत लघवी केली किंवा पाणी सांडले तर ते पन्हळीत जमते आणि अंग ओले होत नाही. गादी सोबत येत नाही, आणि विमानासाठी ती शोषक हवी. वाळलेले गवत किंवा पेंढा वापरू नये, कारण अनेक देश त्यावर बंदी घालतात. चाके सुटी करता येतात, हेही महत्त्वाचे आहे, कारण विमानात चाकांसह क्रेट घेत नाहीत.

गाडीच्या प्रवासाच्या बाबतीत माझे मत इतके अनुकूल नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली तर आतल्या मोकळ्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर येतो. २० किलोचा कुत्रा त्या क्षणी २८० किलोंच्या जोराने पुढे फेकला जाईल. प्लास्टिकचा प्रवासी क्रेट असा आघात झेलण्यासाठी बनवलेला नसतो, मग खोक्यावर गाडीचे चित्र असो वा नसो. अमेरिकेतील सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था गाडीत वापरायच्या क्रेटच्या आणि पट्ट्यांच्या वेगळ्या धडक-चाचण्या घेते. ज्यांचा प्रवास मुख्यतः गाडीचाच आहे त्यांनी अशा चाचणीत उतरलेला क्रेट किंवा छातीचा पट्टा यांसाठी पैसे ठेवावेत. आमच्यासारख्यांनी, ज्यांना विमान आणि गाडी दोन्ही लागतात, निदान क्रेट मागच्या आसनाच्या पाठीला टेकवून, लांब बाजू आडवी ठेवून, मजबूत पट्ट्यांनी गाडीच्या कड्यांना बांधावा. गाडी वळताना क्रेट सरकत नाही, कुत्रा चालकाच्या मांडीवर येत नाही आणि गाडीत केस कमी पसरतात, एवढे फायदे या क्रेटनेही मिळतात. गाडी भाड्याची असेल तर शेवटच्या फायद्याला पैशांचे मोल आहे, कारण केसांच्या सफाईचे वेगळे पैसे लावले जातात. गाडी भाड्याने घेण्याआधी मागच्या दाराची उंची आणि रुंदी विचारून घ्यावी. क्रेट मावला नाही म्हणून ऐनवेळी मोठी गाडी घ्यावी लागली, तर सुट्टीभर रोज त्या फरकाचे पैसे मोजावे लागतात.

गाडी उभी करून कुत्र्याला आत ठेवण्याचा पर्याय कुठल्याही अंदाजपत्रकात धरू नये. उन्हात उभ्या गाडीतल्या तापमानाचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असते आणि ते ४१ च्या वर गेले की जीव धोक्यात येतो. वाटेतले जेवण आळीपाळीने करावे, किंवा बाहेरच्या अंगणात कुत्र्यासह बसता येईल अशी जागा शोधावी आणि तिचे थोडे जास्त पैसे आधीच धरावेत.

मुक्कामाच्या ठिकाणी हा क्रेट सगळ्यात जास्त उपयोगी पडला, आणि खर्चातली सगळ्यात मोठी बचतही तिथेच झाली. कुत्र्याला परवानगी असलेल्या जागा पैसे निरनिराळ्या रीतींनी लावतात. कोणी रात्रीमागे लावते, कोणी मुक्कामामागे एकदाच, कोणी परतफेडीची अनामत घेते, कोणी सफाईचे वेगळे पैसे घेते जे परत मिळत नाहीत, आणि काही ठिकाणी यांपैकी दोन-तीन एकत्र असतात. समजा एका जागी कुत्र्याचे पैसे रात्रीमागे खोलीच्या भाड्याच्या एक दशांश आहेत आणि दुसरीकडे मुक्कामामागे एकदाच, पण एका रात्रीच्या भाड्याच्या निम्मे. पाच रात्रींपर्यंत पहिली जागा स्वस्त किंवा बरोबरीची पडेल आणि त्यापुढे दुसरी. हे गणित कोणीही करू शकतो. ज्याकडे लोकांचे लक्ष जात नाही ती अट नियमावलीत खाली कुठेतरी असते: कुत्र्याला खोलीत एकटे सोडता येणार नाही. ही एक ओळ कुत्र्याच्या शुल्कापेक्षा महाग पडते, कारण तिच्यामुळे कुत्र्याला जिथे प्रवेश नाही अशा प्रत्येक ठिकाणी जाताना एकतर घरातल्या एकाला मागे राहावे लागते किंवा सांभाळणाऱ्याला तासाप्रमाणे पैसे द्यावे लागतात.

अनेक ठिकाणी या अटीला एक अपवाद असतो आणि तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. कुत्रा बंद क्रेटमध्ये असेल तर काही तास त्याला खोलीत ठेवता येते. आम्ही ज्या जागी उतरलो तिथल्या व्यवस्थापकांना बुकिंगच्या आधी हे लेखी विचारले, त्यांनी कडक भिंतींचा क्रेट असावा आणि कुत्रा भुंकत राहिला तर फोनवर बोलावले की लगेच परत यावे, अशा दोन अटींवर होकार दिला. त्यामुळे सांभाळणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेली रक्कम जवळजवळ सगळी वाचली. ती जागा कुत्र्याचे शुल्क जास्त घेत होती आणि तरीही एकूण हिशोबात स्वस्त पडली. ज्या जागी शुल्कच नव्हते पण एकटे सोडण्याला सक्त मनाई होती, ती आम्ही याच कारणाने सोडून दिली. अनामत देताना खोलीतल्या दाराचे, सोफ्याचे आणि गालिच्याचे फोटो काढून व्यवस्थापकांना त्याच दिवशी पाठवून ठेवावेत. आधीच्या ओरखड्यांचे पैसे मग आपल्या माथी येत नाहीत.

या सवलतीचा गैरवापर होऊ नये, याची मला मनापासून काळजी वाटते. प्रौढ कुत्र्याला दिवसा सलग चार तासांपेक्षा जास्त क्रेटमध्ये ठेवू नये, पिल्लाला तर त्याहून बराच कमी वेळ, आणि ठेवण्याआधी त्याला चांगले फिरवून, पाणी पाजून, मोकळे करून आणावे. कुत्र्याला दिवसभर कोंडून स्वतः भटकायचे असेल तर त्याला विश्वासू माणसाकडे किंवा चांगल्या बोर्डिंगमध्ये ठेवून जाणे अधिक दयाळूपणाचे आहे, आणि तसे करताना लाज वाटण्याचे कारण नाही. बोर्डिंगचा खर्च काढताना लसींचाही धरावा, कारण बहुतेक चांगली बोर्डिंगे नेहमीच्या लसींबरोबर केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लसही मागतात आणि ती काही दिवस आधी द्यावी लागते.

क्रेटची सवय लावायला पैसे लागत नाहीत, पण आठवडे लागतात. मोतीच्या बाबतीत पहिले काही दिवस क्रेटचा वरचा भाग बसवलाच नव्हता. नुसत्या खालच्या भागात त्याची जुनी चादर टाकली आणि जेवण तिथेच दिले. तो आपणहून तिथे झोपू लागल्यावर वरचा भाग चढवला, मग दार बसवून उघडे ठेवले, मग जेवताना मिनिटभर लावले आणि हळूहळू वेळ वाढवत नेली. दोन भाग सुटे होणे हा या घडणीचा मोठा गुण आहे, तारांच्या पिंजऱ्यात असे टप्पे करता येत नाहीत. ज्या कुत्र्याला बंद जागेची किंवा एकटेपणाची तीव्र भीती आहे, जो दार ओरबाडून नखे आणि दात दुखावून घेतो, त्याच्यासाठी मात्र कुठलाही क्रेट विकत घेण्याआधी पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. भीतीवर उपाय म्हणून गुंगीचे औषध देऊन विमानात बसवणे धोक्याचे आहे. त्याने रक्तदाब आणि शरीराचा तोल बिघडतो, आणि गुंगीतला कुत्रा अनेक कंपन्या घेतही नाहीत. गाडी लागण्याचे औषध ही वेगळी गोष्ट आहे. मॅरोपिटंट हे त्यासाठीचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने प्रवासाच्या किमान २ तास आधी देता येते, आणि ओले अंथरूण वाटेत बदलत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

सुट्टी परदेशात असेल तर क्रेटखेरीज कागदपत्रांची ओळ मोठी होते. तिथे खर्चाइतकेच वेळापत्रकही सांभाळावे लागते. युरोपीय संघात शिरताना कातडीखाली बसवायची १५ अंकी ओळखीची मायक्रोचिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम बंधनकारक आहे. चिप बसवण्याआधी दिलेली लस धरली जात नाही आणि तिचे पैसे पुन्हा भरावे लागतात. लस देताना कुत्रा किमान १२ आठवड्यांचा हवा आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबावे लागते. ज्या देशांसाठी रक्ततपासणी सक्तीची आहे तिथून येताना लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त द्यावे लागते, त्यात प्रतिपिंडांचे, म्हणजे लशीमुळे रक्तात तयार झालेल्या रेबीजविरोधी घटकांचे, प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते आणि त्यानंतर तीन महिने थांबावे लागते. जपानची प्रतीक्षा १८० दिवसांची आहे, आणि ऑस्ट्रेलियात बाहेरून येणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना किमान १० दिवस सरकारी विलगीकरणात काढावे लागतात, ज्याचे पैसे मालकाने भरायचे असतात. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी अशा देशांत कुत्रा नेणे त्याच्यासाठी फार कष्टाचे आहे, त्याला घरी ठेवावे.

स्वस्तातल्या पर्यायांविषयी लोक नेहमी विचारतात. कापडी घडीचा क्रेट सगळ्यात हलका आणि स्वस्त असतो आणि शांत, सवयीच्या कुत्र्यासाठी मुक्कामाच्या खोलीत उत्तम आहे, पण विमानाच्या मालकक्षात तो चालत नाही, गाडीच्या धडकेत काही कामाचा नाही आणि चावऱ्या कुत्र्याने मनावर घेतले तर पहिल्याच दुपारी त्याची जाळी फाटते. तारांचा घडीचा पिंजरा हवेशीर आहे, जड आहे, आणि तोही विमानकंपन्या साधारणपणे घेत नाहीत. ज्यांना विमान लागणारच नाही त्यांनी प्लास्टिकच्या क्रेटचा आग्रह धरू नये. जुना प्लास्टिकचा क्रेट निम्म्या किमतीत मिळत असेल तर अवश्य घ्यावा, मात्र उजेडात धरून कोपऱ्यांना आणि बोल्टच्या भोकांभोवती तडे आहेत का ते पाहावे, कारण वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून आधी साबणाने घासून, मग एका भागाला ३० भाग पाणी या प्रमाणातल्या ब्लीचने दहा मिनिटे ओला ठेवून, धुऊन आणि उन्हात वाळवूनच तो कुत्र्याला द्यावा. पिल्लू घरात असेल तर हे टाळता येणारच नाही.

कंपनीने आतले माप खोक्यावर छापावे आणि धातूचे बोल्ट खोक्यातच द्यावेत, या माझ्या दोन मागण्या आहेत आणि त्या मी विक्रेत्याला लेखी कळवल्या आहेत. त्या पूर्ण झाल्या नाहीत तरी विमानाने किंवा अटी असलेल्या मुक्कामांवर वरचेवर जाणाऱ्या कुटुंबाला हा क्रेट मी घ्यायला सांगेन. वर्षातून एकदाच जाणाऱ्यांनी आधी भाड्याने मिळतो का ते पाहावे, आणि विकत घेतलाच तर बोल्ट, नट आणि सुटी चाके एका पिशवीत घालून ती पिशवी दाराच्या तारेलाच बांधून ठेवावी, कारण पुढच्या सुट्टीला एक जरी बोल्ट कमी भरला तरी विमानतळावर तो क्रेट घेतला जाणार नाही.